दाद कोण देत नाही?

तीव्र रक्तकर्करोगाच्या रुग्णाची फाइल जाड होत जाते आणि एखाद्या पानावर ‘रिफ्रॅक्टरी’ किंवा ‘रिलॅप्स्ड’ असा शेरा पडतो. पहिल्याचा अर्थ असा की आजाराने केमोला दादच दिली नाही. दुसऱ्याचा असा की दाद दिली, पण आजार उलटला. शेरा पडला की नेहमीची औषधे बाजूला होतात आणि ‘टार्गेटेड’ औषधांची बोलणी सुरू होतात. केमोची औषधे भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना झोडपतात, केसांच्या मुळांना आणि तोंडाच्या अस्तरालासुद्धा. टार्गेटेड म्हणजे लक्ष्यवेधी औषधे कर्कपेशीतला एखादा नेमका बिघाड हेरून तिथेच वार करतात. ही औषधे पारखतात कशी, हा पुढील पानांचा विषय आहे. त्यात रसायन आहे, आकडे आहेत, आशाही आहे. पण त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावायला हवा, नाहीतर ते सगळे आकडे अधांतरी राहतील. दाद नेमकी कोणी दिली नाही? पेशीने, की तिच्यापर्यंत औषध पोचवणाऱ्या व्यवस्थेने? माझे म्हणणे असे की या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय लक्ष्यवेधी औषधाची खरी परीक्षा होत नाही. आणि त्या वेगळ्या करायच्या तर परीक्षा आपल्या मुलखात, आपल्या रुग्णांवर, त्यांच्या गावापासून मोजत घ्यावी लागते. परदेशातला निकाल आणून ते काम भागत नाही.

वडनेरचेच घेऊ. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. भोवती कापूस, सोयाबीन, तूर. इथे कोणाला तीव्र रक्तकर्करोग झाला तर तो सुरुवातीला रक्तकर्करोग म्हणून समोर येतच नाही. ताप येतो आणि हटत नाही. दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, मांड्यांवर काळेनिळे डाग उठतात, वावरापर्यंत चालत जायला दम लागतो. पावसाळ्याच्या शेवटी हे सगळे डेंग्यूच्या खात्यावर जमा होते, कारण प्लेटलेट दोन्हीकडे घसरतात. मग हिंगणघाटला रक्त तपासले जाते, पांढऱ्या पेशींचा आकडा भलताच निघतो आणि सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरची चिठ्ठी मिळते. वर्धा जिल्हा या बाबतीत तसा नशीबवान. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ पासून उभी आहे. याच सेवाग्रामच्या दवाखान्याने एके काळी खेड्यांकडून आरोग्य विम्याचा हप्ता ज्वारीत घेतला होता. सावंगीला आचार्य विनोबा भावे रुग्णालय आहे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, वर्धा रस्त्यावर जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. तेव्हा अडचण अंतराची कमी, फेऱ्यांची जास्त. तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. एवढ्या काळात कापसाचे दोन हंगाम निघून जातात, आणि प्रत्येक फेरीला रुग्णाबरोबर घरातला एक कमावता माणूसही जातो. त्या दिवसाची मजुरी कोणत्याही बिलावर दिसत नाही.

पेशीचा प्रतिकार म्हणजे काय, ते आधी पाहू. निदानाच्या वेळी रुग्णाच्या शरीरात साधारण एक लाख कोटी कर्कपेशी असतात असे मानतात. पहिल्या महिन्याच्या केमोनंतर सूक्ष्मदर्शकाखाली बोन मॅरो स्वच्छ दिसला, तरी शेकडो कोटी पेशी शिल्लक असू शकतात. म्हणून आता फ्लो सायटोमेट्रीने दहा हजार पेशींत एखादी कर्कपेशी उरली आहे का हे शोधतात. या उरलेल्या पेशी सगळ्या एकसारख्या नसतात. विदर्भातल्या कापूस उत्पादकाला हे समजावून सांगायची गरज नाही. त्याने गुलाबी बोंडअळी पाहिली आहे. बीटी कापसाने प्रतिकारक अळी जन्माला घातली नाही. ती लाखांत कुठेतरी आधीपासून होती. बाकीच्या मेल्या आणि वावर तिला मोकळे मिळाले. रक्तातही हेच होते. इमॅटिनिब या लक्ष्यवेधी औषधाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक विकृत प्रथिन तयार होते आणि ते पेशीला वाढ, वाढ असा सततचा हुकूम सोडते. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि हुकूम थांबतो. पण या प्रथिनाच्या साखळीत ३१५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आले की ती खाच बदलते, औषधाचा एक बंध तुटतो आणि पुढची जागाही अडते. शेकडो दुव्यांच्या साखळीत एक दुवा बदलला आणि औषध बाहेर. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगात सुमारे तीस टक्के रुग्णांत सापडणाऱ्या, एफएलटी३ या जनुकातल्या बिघाडावरची औषधेही अशाच एका जागेच्या बदलाने, नाहीतर पेशीने दुसरीच वाट काढल्याने, निकामी होतात. हा खरा प्रतिकार. याच्यावर जुन्या औषधाची मात्रा वाढवून उपयोग नसतो. नवा रेणूच लागतो.

बोंडअळीची गोष्ट इथेच संपत नाही. तोच बीटी जनुक घातलेल्या कापसावर अमेरिकेत गुलाबी बोंडअळी जवळजवळ नामशेष झाली. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीरही केले. त्याच सुमाराला, २०१७ च्या हंगामात, विदर्भात तिने बोंडे पोखरून काढली होती. रेणू तोच, अळी तीच, निकाल उलटे. कारण बीटी नसलेल्या कापसाच्या आश्रय-ओळी, पिकाचा कालावधी, वाणांची संख्या, शेतकऱ्याच्या हातात काय पडते हे सगळे वेगळे. कोणी म्हणाले बियाणे बोगस, कोणी म्हणाले फवारणी चुकली, कोणी म्हणाले अळीच बदलली. यातले खरे काय, हे अमेरिकेतल्या वावरात उभे राहून कळणे शक्य नव्हते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेला इथल्या अळ्या गोळा करून तपासाव्या लागल्या.

आता दुसऱ्या प्रकारचे ‘दाद न देणे’ पाहू. लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगात पहिले जोरकस उपचार झाल्यावर दीड-दोन वर्षे रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी घ्यावी लागते. अमेरिकेत मुलांच्या गोळ्यांच्या बाटलीला झाकण उघडल्याची वेळ नोंदवणारी यंत्रणा बसवून अभ्यास झाला. ज्यांनी ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेतल्या, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त निघाले. म्हणजे महिन्यात दोन गोळ्या चुकल्या तरी फरक पडतो. आपल्याकडे ही गोळी ५० मिलिग्रॅमची मिळते. पंधरा किलोच्या मुलाला त्याच्या अंगमानाप्रमाणे द्यायची तर आई ती ब्लेडने अर्धी करते, अर्ध्याची पाव करते. भुगा कागदावर राहतो, आज थोडी कमी जाते, उद्या थोडी जास्त. टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघरमधल्या ‘ॲक्ट्रेक’ने बंगळुरूच्या एका कंपनीबरोबर या औषधाचे पातळ रूप ‘प्रीव्हॉल’ २०२५ मध्ये आणले, ते याच कारणासाठी. बातम्यांत त्याला फार जागा मिळाली नाही. नव्या रेणूपुढे जुन्या गोळीचे सरबत कोणाच्या डोळ्यांत भरणार!

आणि मात्रा बरोबर असली तरी शरीर वेगळे असते. मर्कॅप्टोप्युरिन सोसत नाही असे रुग्ण आधीच ओळखण्यासाठी युरोपात टीपीएमटी या जनुकाची तपासणी रूढ झाली. ती आशियाई रुग्णांत पुरी पडेना. पुढे, २०१४-१५ च्या सुमारास, एनयूडीटी१५ या दुसऱ्याच जनुकातला बदल हाती लागला. तो युरोपीय वंशाच्या लोकांत विरळ, पूर्व आशियात बराच आढळतो, आणि भारतातही टीपीएमटीपेक्षा तोच जास्त सतावतो. ज्याच्यात हा बदल आहे त्याच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या मात्रेने धोक्याच्या पातळीखाली जातात, जंतुसंसर्ग होतो, औषध थांबवावे लागते. पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते. वर्षभराने आजार उलटतो आणि फायलीवर तोच शेरा पडतो. या माणसाच्या कर्कपेशीने काहीही प्रतिकार केलेला नसतो. त्याला औषध पुरेसे मिळालेलेच नसते.

पेशी बदललेला आणि औषध पुरेसे न मिळालेला, असे दोन रुग्ण एकाच शेऱ्याखाली नव्या औषधाच्या चाचणीत दाखल झाले तर काय होईल? गोळ्या चुकलेल्या रुग्णाला चाचणीत नियमित औषध मिळते, संसर्गावर लगेच इलाज होतो, गाडीभाडेही मिळते. तो सुधारतो. सुधारणेचे श्रेय नव्या रेणूला जाते, खरे तर जुनी औषधे तितक्याच निगुतीने दिली असती तर तो कदाचित तेव्हाच सावरला असता. उलट बाजूही तितकीच खरी. नवे औषध पेशीवर अचूक चालते, पण रुग्ण तिसऱ्या आठवड्यात रुग्णालयातल्या हट्टी जंतूने दगावतो आणि औषधाच्या खात्यावर अपयश मांडले जाते. पहिल्या चुकीने महाग औषध नको तितके मोठे ठरते, दुसरीने चांगले औषध वाया जाते. जिथे उपचाराची साखळी मजबूत आहे तिथे ही भेसळ कमी असते, म्हणून तिथल्या चाचणीला या प्रश्नाची फिकीर करावी लागत नाही. आपल्याला करावी लागते. परदेशी निकाल खोटे असतात असे मला म्हणायचे नाही. ते खरे असतात, पण दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे असतात.

इथली चाचणी जगाच्या ज्ञानात काय भर घालू शकते, याचे सगळ्यात चांगले उदाहरण सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे आहे. तीव्र प्रोमायलोसायटिक हा रक्तकर्करोगाचा प्रकार पूर्वी काही दिवसांत रक्तस्रावाने माणूस नेत असे. चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात सोमलाचे संयुग वापरून पाहिले, शांघायमध्ये १९८० च्या दशकात जीवनसत्त्व अ चे एक रूप लागू पडले. पुढे कळले की दोन्ही या आजाराच्या मुळाशी असलेल्या एकाच विकृत प्रथिनाला वेगवेगळ्या टोकांनी धरतात. म्हणजे लक्ष्यवेधी हा शब्द रूढ होण्याआधीच ही औषधे लक्ष्यवेधी होती. अमेरिकेने २००० साली आर्सेनिक ट्रायऑक्साइडला परवानगी दिली ती उलटलेल्या आजारापुरती. नव्या रुग्णाला आधी केमो द्यायची, ती हरली तर सोमल, असा तो क्रम होता. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजपुढे वेगळाच पेच होता. त्यांच्या रुग्णांना केमो आणि तिच्यामागून येणाऱ्या संसर्गांचा खर्च परवडत नव्हता. त्यांनी स्थानिक पातळीवर तयार केलेले आर्सेनिक ट्रायऑक्साइड १९९८ ते २००४ या काळात ७२ नव्या रुग्णांना पहिले आणि एकमेव औषध म्हणून दिले. सुमारे ८६ टक्के रुग्णांत आजार पूर्ण हटला आणि तीन वर्षांनी जवळपास तितकेच जिवंत होते. हे २००६ मध्ये छापून आले. मग २०१३ मध्ये युरोपातल्या चाचणीने दाखवले की कमी-मध्यम धोक्याच्या रुग्णांत सोमल आणि ते जीवनसत्त्वाचे रूप एकत्र दिले तर केमो गाळता येते, आणि आज तोच जगभरचा शिरस्ता आहे. ‘आजाराने दाद दिली नाही तरच हे औषध’ हा क्रम उलटा करून पाहण्याचे धाडस बहुतेक श्रीमंत केंद्रांनी केले नव्हते. त्यांना गरज नव्हती.

मुंबईचाही या इतिहासात हात आहे, तोही बहुतेकांना ठाऊक नसलेला. डॉ. लुसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या त्या गर्भवती गिरणी कामगारांच्या पांडुरोगाचा शोध घ्यायला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवले. त्या अर्कातला घटक म्हणजे फॉलिक आम्ल. ते रक्तपेशी वाढवते, तर त्याचा विरोधक कर्कपेशींची वाढ रोखेल, या तर्काने येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने अमेरिकेत बनवलेले ॲमिनोप्टेरिन बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी मुलांना दिले. १९४८ च्या त्यांच्या लेखात १६ पैकी १० मुले सुधारल्याची नोंद आहे, आणि ही सुधारणा तात्पुरती असल्याचीही. औषध आणि त्याला होणारा प्रतिकार, दोन्ही एकाच लेखात जगापुढे आले. तिथून मुलांमधल्या लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगाच्या बरे होण्याचे प्रमाण श्रीमंत देशांत नव्वद टक्क्यांच्या घरात गेले, ते मुख्यतः १९७० पर्यंत हाती आलेल्या औषधांच्याच बळावर. क्रम, मात्रा, कालावधी बदलत एकामागून एक चाचण्या झाल्या. चाचणी म्हणजे फक्त नव्या औषधाचे दार नव्हे. जुने औषध नीट कसे द्यावे हेही तीच शिकवते.

आता ताजा प्रसंग, खारघरचा. मुंबईच्या आयआयटीत घडवलेली ‘नेक्सकार१९’ ही काही गोळी नव्हे. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवून, परत अंगात सोडायच्या असा हा उपचार. पण लक्ष्य हेरून मारण्याचे तत्त्व तेच. ४ जून २०२१ रोजी टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघरमधल्या बोन मॅरो प्रत्यारोपण विभागात तो पहिल्या रुग्णाला दिला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेची मान्यता मिळाली, आणि २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त ६४ जणांवरच्या चाचणीचे निकाल आले. तपासता आलेल्यांपैकी ७३ टक्क्यांत आजाराने दाद दिली. तीव्र रक्तकर्करोगात आजार पुन्हा डोके वर काढेपर्यंतचा मध्यम काळ सहा महिन्यांच्या आसपास राहिला. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत; वर्तमानपत्रांनी बहुधा पहिलाच वाचला. अमेरिकेत अशाच उपचाराची छापील किंमत ४,७५,००० डॉलर होती. इथे तो तीस-चाळीस लाख रुपयांत आला. मोठी गोष्ट आहे, तरीही वडनेरमधल्या पाच एकरांच्या शेतकऱ्याला ती जमीन विकण्याचीच गोष्ट आहे.

पण माझा मुद्दा छेदाचा आहे, म्हणजे टक्केवारी किती जणांवर भागून काढायची याचा. या प्रकारच्या पहिल्या मान्यताप्राप्त उपचाराची जागतिक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ९२ मुले-तरुण नोंदवले गेले, ७५ जणांना प्रत्यक्ष पेशी मिळाल्या, आणि आजार हटल्याचा ८१ टक्के हा गाजलेला आकडा त्या ७५ जणांपैकी आहे. नोंदलेल्या सगळ्यांवर भागले तर तो ६६ च्या आसपास येतो. मधले काही पेशी तयार होईपर्यंत टिकले नाहीत, काहींच्या पेशी तयारच होऊ शकल्या नाहीत. ही लपवाछपवी नाही, लेखात सगळे लिहिलेले आहे. पण छेद कुठून धरायचा हा निवडीचा भाग आहे, आणि आपल्याकडे तो आणखी मागे न्यायला हवा: हिंगणघाटच्या प्रयोगशाळेत पहिला बिघडलेला अहवाल निघाला तिथपर्यंत. किती जण सेवाग्रामला पोचले, किती नागपूरला, किती जणांची जनुकीय तपासणी झाली, किती जणांचा अहवाल उपचार ठरवण्याआधी हाती आला. अमेरिकेतल्या ‘बीट एएमएल’ चाचणीने ही गोष्ट मोजून दाखवली. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या सुमारे ९५ टक्के पात्र रुग्णांचे जनुकीय अहवाल सात दिवसांत आले, त्यावरून कोणाला कोणते औषध ते ठरले, आणि सात दिवस थांबल्याने रुग्णांचे नुकसान झाल्याचे दिसले नाही. लक्ष्यवेधी औषधाची अर्धी परीक्षा त्या सात दिवसांत असते. नमुना कुरिअरमध्ये अडकला तर रेणू कितीही चांगला असो.

यावर पहिला आक्षेप हल्ली सरकारी कागदाच्याच रूपात येतो. ७ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेने आदेश काढून अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ यांनी मान्य केलेल्या काही वर्गांतल्या औषधांना इथली चाचणी माफ केली. त्यात जनुक व पेशी उपचार येतात, आणि प्रचलित उपचारांपेक्षा लक्षणीय सरस ठरलेली नवी औषधेही. रुग्ण मरत असताना आणखी तीन वर्षे चाचणीत का घालवायची, हा त्यामागचा विचार आहे आणि तो मला चुकीचा वाटत नाही. औषध लवकर यावेच. पण विक्रीची परवानगी आणि औषध कसे वापरावे याचे ज्ञान या दोन गोष्टी आहेत. पहिलीसाठी चाचणी माफ करता येते, दुसरीसाठी नाही. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगावरचे व्हेनेटोक्लॅक्सच पाहा. मूळ चाचणीत वयस्क, जोरकस केमो न सोसणाऱ्या रुग्णांत त्याच्या जोडीने मध्यम आयुष्य ९.६ वरून १४.७ महिन्यांवर गेले. त्याची रोजची मात्रा ४०० मिलिग्रॅम. आपल्या वॉर्डांत बुरशीचे संसर्ग इतके की पॉसाकोनॅझोलसारखे औषध बरोबर द्यावेच लागते. ते यकृतातले एक विकर अडवते, व्हेनेटोक्लॅक्स रक्तात साचते, म्हणून मात्रा शंभर किंवा त्याखाली आणतात. काही भारतीय केंद्रांनी यातच खर्च वाचवण्याची वाट शोधली. ती बहुधा चांगलीही असेल. पण ती ठिकठिकाणी ज्याच्या त्याच्या अंदाजाने चालते तेव्हा तो प्रयोगच असतो, फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे: गरिबाला गिनीपिग करता काय? हा प्रश्न हवेतून आलेला नाही. एचपीव्ही लसीच्या २००९-१० च्या प्रकल्पात खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांतल्या मुलींच्या संमतीची जी हेळसांड झाली तिच्यावर संसदेच्या समितीने कोरडे ओढले; इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारला खडसावले. त्यातूनच संमतीच्या चित्रीकरणाची अट आली, आणि २०१९ चे नवे नियम आले. नुकसानभरपाई, नीतिसमितीची नोंदणी, चाचणी संपल्यावरही ज्याला गुण आला त्याला औषध पुरवण्याची तरतूद हे आता कायद्यात आहे. कायदा असणे आणि पाळला जाणे यांतले अंतर वडनेरकरांना वेगळे सांगायला नको. तरीही चाचणी नको म्हटल्याने गरीब सुरक्षित होत नाही. दाद न देणाऱ्या आजाराचा रुग्ण चाचणीबाहेर असला तर त्याला बहुधा कर्ज काढून, कोणाच्या तरी अंदाजावर, तेच औषध मिळते, आणि त्याचे काय झाले हे पुढच्या रुग्णाला कधीच कळत नाही. खरी कसोटी संमतीपत्र कोणत्या भाषेत आहे ही नाही. ‘नाही’ म्हटल्यावर त्याच वॉर्डात, त्याच डॉक्टरकडून, नेहमीचा उपचार चालू राहील याची रुग्णाला खात्री आहे का, ही आहे. ती नसेल तर चाचणी थांबवावी, मी त्या बाजूने आहे.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो डॉक्टरमंडळींतूनच येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे कवच आहे. ते नीट वापरून प्रत्येकाला पहिला उपचार पुरा द्या, पेशी-उपचाराचे सोस मागाहून. मी वर जे मांडले त्यावरून हा आक्षेप मलाच जास्त लागू पडतो. गोळ्या चुकल्याने आजार उलटत असेल तर गोळ्याच आधी पोचवायला नकोत काय? पोचवायलाच हव्यात. पण किती जणांत गोळी चुकली आणि किती जणांत पेशी बदलली, हे चाचणीसाठी उभारलेली तपासणी आणि नोंद नसेल तर कळणारच नाही, आणि न कळलेल्या रोगावर पैसा कुठे खर्चायचा हा अंदाजाचा खेळ होतो. शिवाय चाचणी म्हणजे नेहमी जास्त औषध, महाग औषध असे कोणी सांगितले? परळच्या टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅबची मात्रा नेहमीच्या एक दशांशाहून कमी, अवघी २० मिलिग्रॅम ठेवून १५१ रुग्णांवर चाचणी केली. एका वर्षाने जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण हे औषध न मिळालेल्यांत १६ टक्के होते, मिळालेल्यांत ४३ टक्के. कोणती कंपनी आपलेच औषध एक दशांश विकले जावे म्हणून चाचणी करील? हे काम सार्वजनिक पैशानेच होणार. व्हेनेटोक्लॅक्सची शंभराची मात्रा, इमॅटिनिबच्या स्वस्त भारतीय गोळ्यांच्या जोडीला किती कमी केमो पुरेल, हे प्रश्न त्याच जातीचे आहेत आणि ते सोडवण्यात सगळ्यात जास्त फायदा ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याचा आहे.

उरतो तो शेवटचा, आणि मला सर्वांत अवघड वाटणारा आक्षेप: एवढे करून मिळते काय, तीन-चार महिने? एफएलटी३ च्या बिघाडाचा आजार उलटलेल्या ३७१ रुग्णांच्या चाचणीत गिल्टेरिटिनिबने मध्यम आयुष्य ५.६ महिन्यांवरून ९.३ महिन्यांवर नेले. चीन, रशिया आणि आग्नेय आशियातल्या वेगळ्या चाचणीतही फरक तसाच निघाला. आकडा लहान आहे आणि तो मोठा करून सांगण्यात अर्थ नाही. पण मध्यम आकडा हा मधल्या रुग्णाचा असतो; त्याच्या पलीकडे काही जण असे असतात की ज्यांचा आजार त्या काही महिन्यांत एवढा आटोक्यात येतो की बोन मॅरो प्रत्यारोपण करता येते, आणि त्यांच्यातले काही कायमचे सुटतात. परदेशात त्या महिन्यांना जी किंमत आहे ती यासाठी. इथे गोळी मिळाली, आजार आटोक्यात आला, भावाबहिणीचे किंवा आईबापांचे जुळणारे दानही ठरले, पण प्रत्यारोपणाच्या खाटेचा नंबर पाचव्या महिन्यात लागला, तर तीच गोळी तेवढेच काम करूनही हरलेली दिसेल. म्हणून आपल्याकडच्या चाचणीत औषधाचा पहिला डोस आणि प्रत्यारोपणाचा दिवस यांच्यामधले दिवसही निकालाच्या तक्त्यात छापले गेले पाहिजेत, प्रतिसादाच्या टक्केवारीच्या शेजारच्याच रकान्यात, आणि रुग्ण कोणत्या तालुक्यातून आला हेही.